हरकतीचा अर्ज

कवी म्हणून मला थोडंफार ओळखतात. पण खरं सांगायचं तर माझं मराठीतलं पहिलं लेखन कविता नव्हतं. तो घरपट्टीवरच्या हरकतीचा अर्ज होता.

साल १९८४. मी आठवीत होतो. नंदुरबार जिल्हा तेव्हा झालेला नव्हता, तो १ जुलै १९९८ला झाला. आमचं तालुक्याचं गाव धुळे जिल्ह्यात मोडायचं. अब्बा कल्हईवाले. घरामागच्या अंगणात पत्र्याखाली त्यांची भट्टी होती. स्टीलची भांडी आली तसा धंदा उतरणीला लागला होता, तरी दिवाळीच्या आणि ईदच्या तोंडावर तांब्या-पितळेची भांडी यायची. एके दिवशी नगरपालिकेचा शिपाई एक नोटीस देऊन गेला. अब्बा उर्दू शाळेत चौथीपर्यंत शिकलेले. गिऱ्हाइकाशी अहिराणीत बोलत, पण देवनागरी अक्षर त्यांना वाचता येत नव्हतं. कागद माझ्या हातात देऊन म्हणाले, "पढ बेटा, क्या लिखा है?"

लिहिलं होतं ते असं : आमची घरपट्टी वर्षाला १८ रुपयांवरून ६४ रुपये करण्याचं ठरत होतं. बांधकामाच्या रकान्यात 'स्लॅब' आणि वापराच्या रकान्यात 'दुकान'.

आमचं घर होतं धाब्याचं. खानदेशातल्या वाचकांना सांगायला नको, इतरांसाठी सांगतो. लाकडी खांब, त्यावर तुळया, तुळयांवर काड्या आणि त्यावर मातीचा जाड थर. छप्पर सपाट असतं. दर पावसाळ्याआधी वर नवी माती टाकावी लागते. रस्त्यावरून बघणाऱ्याला ते सपाट छप्पर दिसलं असेल, मागची भट्टी दिसली असेल, आणि त्याने लिहून टाकलं असेल. घराच्या आत कोणी आलंच नव्हतं.

मी कागद घेऊन शाळेतल्या गुरुजींकडे गेलो. त्यांनी सांगितलं, "आधी पालिकेत जाऊन यादी बघ. ती सगळ्यांना बघता येते. मग अर्ज लिही. रडगाणं लिहू नकोस, गरीब आहोत असंही लिहू नकोस. काय चुकलंय आणि खरं काय आहे, एवढंच लिही." पुढे आयुष्यभर कविता लिहिताना मला हा सल्ला उपयोगी पडला.

अर्ज दिला. महिन्याभराने सुनावणी झाली. साहेबांनी शिपायाला घर बघायला पाठवलं. तो शिडीने वर चढला, काठीने छप्पर टोचलं, आणि खाली माझ्या आईच्या डोक्यावर माती पडली. 'स्लॅब' हा शब्द खोडला गेला. दुकान म्हणून फक्त भट्टीची जागा धरली. पट्टी २७ रुपये झाली. निघताना अब्बांनी कारकुनाला विचारलं, "साहेब, अर्ज दिला नसता तर?" तो म्हणाला, "चाचा, मग यादी बरोबर आहे असं धरलं असतं."

हे वाक्य माझ्या डोक्यातून कधी गेलं नाही. हरकत घेतली नाही, म्हणजे मान्य आहे. करआकारणीचा सगळा कारभार या एका गृहीतावर चालतो. मग ज्याला वाचता येत नाही त्याचं काय? ज्याला यादी लागली हेच कळत नाही त्याचं काय? आणि करातून जमलेला पैसा कुठे गेला, हे विचारायचा हक्क कोणाला होता आणि कधीपासून? या प्रश्नांच्या मागे लागून मी जे थोडंफार वाचलं, ते आज आपल्याशी बोलायचं आहे.

सुरुवात मोजणीपासून करू. कर येण्याआधी मोजणारा येतो, हे आपल्याकडे लोकांना फार जुन्या काळापासून ठाऊक आहे. मराठेशाहीत घरपट्टी होती आणि कारागिरांवर मोहतर्फाही होता. १८१८ साली खानदेश इंग्रजांकडे गेला. पुढे जमिनीची शास्त्रीय मोजणी करून सारा बसवायचं काम सुरू झालं. १८५२ साली ही मोजणी खानदेशात आली तेव्हा सावदा, फैजपूर, एरंडोल या भागातले शेतकरी हजारोंनी एकत्र आले आणि त्यांनी ती अडवली. आजचा जळगाव, धुळे आणि नंदुरबार हा सगळा मुलूख तेव्हा एकच खानदेश जिल्हा होता. लोकांचा संशय साधा होता : साखळी घेऊन फिरणारा हा माणूस आपल्या भल्यासाठी आलेला नाही, सारा वाढणार आहे. सरकारने फौज आणून हे बंड मोडलं, पुढाऱ्यांना पकडलं आणि मोजणी पुरी केली. त्या शेतकऱ्यांना हरकतीचा अर्ज देण्याची सोय नव्हती. त्यामुळे हरकत घ्यायची म्हणजे बंडच करायचं, असा तो काळ.

घरावरच्या कराची हकिकतही अशीच आहे. १८१० साली कंपनी सरकारने बंगाल इलाख्यातल्या शहरांत घरांवर कर बसवला. त्या वर्षाच्या अखेरीस बनारसमध्ये लोकांनी दुकानं बंद केली, घरं सोडली आणि ते उघड्या मैदानात जाऊन बसले. लोहार, विणकर, नावाडी, सगळ्यांनी कामं थांबवली. हिंदू होते, मुसलमान होते. त्यांनी कुणावर हात टाकला नाही, नुसते बसून राहिले. शेवटी सरकारला तो कर मागे घ्यावा लागला. सहा वर्षांनी, १८१६ साली, बरेलीत चौकीदारीसाठी घरावर कर बसला. तिथे मुफ्ती मुहम्मद एवज या वृद्ध मौलवींभोवती लोक जमले, पण या वेळी रक्त सांडलं. दोन्ही शहरांत लोकांचं दुखणं नुसत्या रकमेचं नव्हतं. आम्हाला न विचारता हे ठरवलं कोणी, हा त्यांचा सवाल होता.

यानंतर आल्या नगरपालिका. १८५०च्या कायद्याने गावातल्या रहिवाशांनी मागणी केली तर पालिका स्थापता येऊ लागली. नंदुरबारची नगरपालिका १८६७ सालची. म्हणजे आज तिला दीडशेहून अधिक वर्षं झाली. आपल्या भागात एवढी जुनी सार्वजनिक संस्था क्वचितच असेल. पण सुरुवातीच्या पालिका आपल्या डोळ्यांपुढे आणू नका. अध्यक्ष सरकारी अधिकारी, सभासद सरकारने नेमलेले. रस्ता, दिवाबत्ती, सफाई यांसाठी जकात आणि पट्टी लोकांनी भरायची, आणि हिशेब सरकारी अधिकाऱ्याने सरकारला द्यायचा. भरणाऱ्याला तो दाखवायची पद्धतच नव्हती.

ही पद्धत बदलायला लावणारी मोठी घटना मुंबईत घडली. १८६५च्या कायद्याने मुंबईचा कारभार एका म्युनिसिपल कमिशनरच्या हाती आला. त्याचं नाव ऑर्थर क्रॉफर्ड. ज्याच्या नावाचं मार्केट आपण जाणतो, तोच. माणूस कर्तबगार होता. त्याने शहर साफ केलं, रस्ते रुंद केले, मंडई बांधली. पण खर्चाला लगाम राहिला नाही. तिजोरी रिकामी झाली आणि घरांवरचे कर वाढत गेले. १८७१ साली करदाते खवळले. सभा झाल्या, अर्ज गेले. नवरोजी फरदुनजी, विश्वनाथ नारायण मंडलिक अशी मंडळी पुढे आली. क्रॉफर्डला जावं लागलं.

त्या वर्षीच्या नोव्हेंबरात फ्रामजी कावसजी इन्स्टिट्यूटमध्ये एका तरुण बॅरिस्टरने भाषण केलं. ते होते फिरोजशहा मेहता. सभेला क्रॉफर्डची निंदा ऐकायची होती. मेहतांनी उलट त्याच्या कामाची बाजू घेतली आणि सांगितलं की दोष एका माणसाचा नाही, व्यवस्थेचा आहे. हा गेला म्हणून दुसरा खर्च करताना विचारील असं नाही. करदात्यांनी निवडलेली सभा त्याच्या डोक्यावर हवी. लोकांनी गोंधळ घातला, त्यांना नीट बोलूही दिलं नाही. पण १८७२च्या कायद्यात त्या विचाराचा अंश उतरला. चौसष्ट सभासदांच्या महापालिकेत निम्मे, म्हणजे बत्तीस सभासद करदात्यांनी निवडायचे ठरले. १८७३च्या पहिल्या निवडणुकीत निवडून आलेल्यांत बद्रुद्दीन तय्यबजी होते.

आज दीडशे वर्षांनीही मला मेहतांचा मुद्दा ताजा वाटतो. आपण गावातल्या कट्ट्यावर बोलतो ते 'अमका खातो, तमका खातो' असंच बोलतो. माणूस बदलला की सुटल्यासारखं वाटतं. पण हिशेब बघायची रीत नसेल तर खुर्चीवर चांगला माणूस असला तरी त्याचा चांगुलपणाही कोणाला सिद्ध करता येत नाही.

इतिहासात आणखी एक प्रसंग आहे. तो पुण्यातला. महात्मा जोतीराव फुले १८७६पासून काही वर्षं पुणे नगरपालिकेचे सभासद होते, सरकारने नेमलेले. व्हाईसरॉयच्या भेटीनिमित्त शहर सजवण्यासाठी एक हजार रुपये खर्च करायचा प्रस्ताव आला. बत्तीस सभासदांपैकी एकट्या फुल्यांनी विरोध केला. हा पैसा लोकांच्या शिक्षणावर खर्च व्हावा, असं त्यांचं म्हणणं होतं. पुण्यात मोठी मंडई बांधायचं ठरलं तेव्हाही शिक्षणाकडे बोट दाखवून त्यांनी त्या खर्चाला विरोध केला. मंडई झालीच. तिला पुढे त्यांचंच नाव दिलं गेलं. आजही रोज हजारो माणसं 'महात्मा फुले मंडई'त भाजी घेतात, आणि ज्याने या खर्चावर हरकत घेतली त्याचं नाव घेतात. मला यात उपहास दिसत नाही. त्यांचं म्हणणं मान्य झालं नाही, पण ते नोंदलं गेलं. हरकत नोंदली जाणं, हीसुद्धा एक जीत असते.

१८८२ साली लॉर्ड रिपनचा स्थानिक स्वराज्याचा ठराव आला, १८८४ साली मुंबई इलाख्याचा नवा कायदा झाला आणि लहान गावांच्या पालिकांतही निवडून आलेले सभासद बसू लागले. हा सगळा इतिहास आपण अभिमानाने सांगतो, आणि सांगावा. पण त्यात एक उणीव होती. हे सगळे 'करदाते' होते. ज्याच्या नावावर घर, ज्याची पट्टी मोठी, त्याला मत. भाडेकरू, मजूर, बलुतेदार, बहुतेक बायका आणि आमच्या सातपुड्यातला भिल्ल, पावरा माणूस, यांना हिशेब विचारायचा हक्क कुठेच नव्हता. कर भरत नाहीस, तर विचारणारा तू कोण, असा तो न्याय. माझे आजोबा भाड्याच्या खोलीत राहायचे. फिरोजशहा मेहतांच्या त्या सुधारणेत त्यांच्यासारख्यांना जागा नव्हती.

हे चित्र स्वातंत्र्यानंतरच्या प्रौढ मताधिकाराने बदललं. पण मत मिळालं म्हणजे हिशेब मिळाला असं झालं नाही. तो कसा मिळत गेला हे समजायला मी आपल्याला पुन्हा घरपट्टीच्या बिलाकडे नेतो.

गावातल्या दुकानदाराने आपलं बिल काढून बघावं. त्यात घरपट्टी असते, पाणीपट्टी असते, शिक्षण कर असतो आणि दुकान किंवा कारखाना असेल तर 'रोजगार हमी कर' अशी एक ओळ असते. पालिका ती रक्कम राज्य सरकारसाठी वसूल करत आली आहे. माझ्या अब्बांच्या भट्टीवरही ती ओळ होती. १९७२च्या दुष्काळाने महाराष्ट्रात रोजगार हमी योजना मोठी केली. तिचा कायदा २६ जानेवारी १९७९ला अमलात आला. शहरातल्या दुकानावर, नोकरदाराच्या व्यवसायावर कर बसवून त्या पैशातून खेड्यातल्या मजुराला काम द्यायचं, अशी ती रचना. म्हणजे आमच्या गावात भट्टीवर बसलेला कल्हईवाला आणि धडगावच्या डोंगरात खडी फोडणारी बाई यांच्यात एका ओळीचं नातं होतं. दोघांनाही ते ठाऊक नव्हतं.

त्या डोंगरातही प्रश्न मापाचाच होता. रोजगार हमीत मजुरी दिवसावर नव्हे, कामाच्या मापावर मिळायची. किती माती खणली, किती खडी फोडली, ते मोजमाप पुस्तिकेत लिहिलं जायचं. आणि मजुरांची जुनी तक्रार एकच : खड्डा मोठा, माप लहान. गावात घराचं माप जास्त लिहिलं जातं, डोंगरात खड्ड्याचं माप कमी लिहिलं जातं. पुस्तिका मात्र दोन्हीकडे दुसऱ्याच्या हातात. १९७२मध्येच शहादा-तळोदा भागात श्रमिक संघटना उभी राहिली. त्याआधी अंबरसिंग महाराज यांनी आदिवासींना गमावलेल्या जमिनींसाठी जागं केलं होतं. जमीन, मजुरी, दारूबंदी यांच्याबरोबर रोजगार हमीची कामं हाही त्या चळवळीचा विषय होता. हजेरीपटावर कोणाचं नाव आहे, किती दिवस लिहिले, पैसे किती मिळाले, हे मजूर विचारू लागले.

हाच प्रश्न पुढे राजस्थानात वेगळ्या रीतीने विचारला गेला. तिथल्या मजदूर किसान शक्ती संघटनेने २ डिसेंबर १९९४ला पाली जिल्ह्यातल्या कोटकिराना गावी पहिली जनसुनवाई घेतली. त्यांनी केलं काय? हजेरीपट आणि बिलं मिळवली आणि ती गावासमोर मोठ्याने वाचली. ज्यांची नावं वाचली ती माणसं समोर बसलेली होती. कोणी म्हणालं, मी त्या कामावर गेलोच नव्हतो. ज्या कामाचं बिल निघालं ते काम झालंच नव्हतं. कागद तेच होते. कार्यालयात होते तोवर ते बरोबर होते, गावात वाचले तेव्हा चूक ठरले. त्यातून माहितीच्या अधिकाराची मागणी देशभर गेली. महाराष्ट्रात २००२ साली तसा कायदा झाला, त्यामागे अण्णा हजारे यांची आंदोलनं होती. केंद्राचा कायदा १२ ऑक्टोबर २००५पासून पूर्णपणे लागू झाला. दहा रुपयांच्या अर्जावर तीस दिवसांत उत्तर. आणि एक गोष्ट फार जणांना माहीत नसते : नुसत्या प्रती मागता येतात असं नाही, कार्यालयात बसून कागद बघताही येतात. २०१८च्या नोव्हेंबरात राज्य सरकारने तर असं ठरवलं होतं की जिल्ह्याच्या कार्यालयांत आणि स्थानिक संस्थांत दर सोमवारी दुपारी तीन ते पाच नागरिकांना कागद बघू द्यावेत.

आपल्या जिल्ह्याच्या बाबतीत आणखी एक कायदा महत्त्वाचा आहे. तो म्हणजे १९९६चा पेसा. अक्कलकुवा, अक्राणी, तळोदा, नवापूर हे तालुके पूर्ण, आणि नंदुरबार व शहादा तालुक्यांचा काही भाग अनुसूचित क्षेत्रात येतो. या कायद्यानुसार ग्रामपंचायतीने केलेल्या खर्चाचं उपयोगिता प्रमाणपत्र ग्रामसभेकडून घ्यावं लागतं. नीट लक्षात घ्या. मुंबईच्या करदात्यांना १८७२ साली निम्मे सभासद निवडण्याचा हक्क मिळाला. सातपुड्यातल्या पाड्यावरच्या माणसाला, तो घरपट्टी किती भरतो हे न विचारता, पैसा नीट खर्च झाला की नाही हे सांगायचा हक्क १९९६ साली मिळाला. हक्काच्या दृष्टीने पाहिलं तर तो शहरातल्या माणसाच्या पुढे आहे. शहरांसाठी २००९ साली क्षेत्रसभेची तरतूद झाली, पण आपल्या वॉर्डाची क्षेत्रसभा कधी भरली, हे वाचकांनी स्वतःलाच विचारावं.

काही वर्षांपूर्वी मी डोंगरातल्या एका पाड्यावर ग्रामसभेला बसलो होतो. ग्रामसेवक मराठीत जमाखर्च वाचत होते, भराभर. समोरची माणसं पावरी बोलणारी. एक म्हातारी माझ्या शेजारी डुलक्या घेत होती. तेवढ्यात बारावीला असलेला एक मुलगा उठला आणि म्हणाला, "सर, थोडं थांबत जा, मी आमच्या भाषेत सांगतो." मग एक ओळ मराठीत, एक ओळ पावरीत. चौथ्या-पाचव्या ओळीला ती म्हातारी सरळ बसली. एका हातपंपाची दुरुस्ती वाचली गेली होती. तिने काहीतरी विचारलं. मुलाने मराठीत सांगितलं : आजी विचारते, कोणता हातपंप? आमच्याकडचा तर दोन उन्हाळे बंद आहे. ग्रामसेवकांनी कागद उलटसुलट केले आणि पुढच्या सभेत सांगतो म्हणाले. पुढे काय झालं ते मला ठाऊक नाही, पण प्रश्न सभेच्या वहीत लिहिला गेला, हे मी पाहिलं.

आता आजचं थोडं. १९९९ साली नगरपालिकांची जकात बंद झाली. तिच्या बदल्यात राज्याकडून अनुदान येऊ लागलं. जकात कटकटीची होती, ती गेली हे बरंच झालं. पण त्याचा एक परिणाम झाला. पालिकेच्या तिजोरीत येणारा बराचसा पैसा वरून येतो, त्यामुळे तो आपला नाही असं लोकांना वाटू लागलं. वरून आलेल्या पैशाचा हिशेब मागायला माणूस संकोचतो. पण वरचं सरकार तो पैसा कुठून आणतं? काडेपेटीवरच्या आणि साबणावरच्या करातूनच ना? २०२१-२२नंतर काही वर्षं महाराष्ट्रातल्या अनेक पालिकांवर निवडून आलेलं कोणीच नव्हतं, प्रशासक होते. त्या काळात नगरसेवकाला विचारायची सोयही उरली नाही. तेव्हा कळलं, की शेवटी ज्याने त्याने विचारायचं असतं.

घरपट्टीचंही तसंच. पालिकांत सर्वसाधारणपणे चार वर्षांनी फेरआकारणी होते, तिला चतुर्थवार्षिक पाहणी म्हणतात. जुन्या पद्धतीत घराचं वर्षाला किती भाडं येऊ शकेल याचा अंदाज धरतात, दुरुस्तीपोटी दहा टक्के वजा करतात आणि उरलेल्या रकमेवर कर बसतो. काही ठिकाणी आता भांडवली मूल्य धरतात. ग्रामपंचायतींतही डिसेंबर २०१५च्या नियमांपासून जमिनीचा दर, बांधकामाचा दर आणि घराचं वय यांवरून कर ठरतो. हिशेबाची रीत कोणतीही असो, चूक शिरते ती चारच जागी : क्षेत्रफळ, बांधकामाचा प्रकार, वापर आणि बांधल्याचं वर्ष. या चार गोष्टी सांगायला वकील लागत नाही. आपलं घर आपल्यालाच जास्त माहीत असतं. पालिकेची यादी असो की ग्रामपंचायतीचा नमुना नंबर आठ, त्यात या चार गोष्टी काय लिहिल्या आहेत ते बघावं आणि मुदतीत हरकत द्यावी. आणि हेही सांगतो, कर बरोबर असेल तर तो वेळेवर भरावा. हिशेब विचारणाऱ्याने आधी थकबाकीतून बाहेर यावं. हा कायदा नाही, पण प्रश्नाला वजन येतं.

आता शेवटची गोष्ट. ती सांगायला मला थोडं जड जातं.

१९८४ साली मी पालिकेत यादी बघायला गेलो तेव्हा आमच्या नावाखालची पुढची ओळ आमच्या शेजारच्या आजींची होती. एकट्या राहायच्या. त्यांचंही घर धाब्याचं, आमच्या घराला भिंत लागून. त्यांच्या नावापुढेही 'स्लॅब' लिहिलेलं होतं. मी आमची ओळ वहीत उतरवून घेतली आणि घरी आलो. त्यांची ओळ मी पाहिली होती का? पाहिली असणार, कारण पुढे जेव्हा गोष्ट कळली तेव्हा ते अक्षर माझ्या डोळ्यांपुढे आलं. पण मला तेव्हा आमच्या ४६ रुपयांपलीकडे काही दिसत नव्हतं.

आजींची नोटीस त्यांच्या कोनाड्यात, देवाच्या फोटोमागे ठेवलेली होती. सरकारी कागद म्हणून जपून ठेवला होता. पट्टीचं बिल आलं तेव्हा त्या आमच्या दारात आल्या आणि अब्बांना म्हणाल्या, "भाऊ, हाई काय शे?" अब्बा त्यांना घेऊन पालिकेत गेले. तिथे सांगितलं, मुदत संपली, आता पुढच्या पाहणीला या. पुढच्या पाहणीत जुनंच उतरवून घेतलं गेलं. तोवर मी कॉलेजसाठी बाहेरगावी गेलो होतो. आजी भांडी घासून त्या मातीच्या छपराची स्लॅबची पट्टी भरत राहिल्या, त्या वारल्या तोपर्यंत.

बी.ए. होऊन मी गावी परतलो, लिहू लागलो, कविसंमेलनांना जाऊ लागलो. पण तेव्हापासून एक नेम ठेवला आहे. फेरआकारणीची यादी लागली की मी आमच्या गल्लीची पानं उतरवून आणतो. संध्याकाळी चौकातल्या ओट्यावर बसतो. चौकात एका बाजूला मशीद आहे, दुसऱ्या बाजूला मारुतीचं देऊळ. दोन्हीकडची माणसं येतात. मी एकेक ओळ मोठ्याने वाचतो : नाव, लांबी-रुंदी, बांधकाम, वापर. कोणी म्हणतं, बरोबर. कोणी म्हणतं, माझा वरचा मजला तर यात लिहिलाच नाही, आणि सगळे हसतात. अशा वेळी मी तीही ओळ तशीच वाचतो. ज्याची चूक निघते त्याचा अर्ज शाळेत जाणारी मुलं लिहितात. मी त्यांना एवढंच सांगतो : रडगाणं नको. काय चुकलंय आणि खरं काय आहे, तेवढंच लिहा.

माझ्या कवितांना एवढे श्रोते कधी मिळाले नाहीत, आणि त्याचं मला वाईट वाटत नाही. आपल्या गल्लीतही एखादा ओटा असेल. यादी लागेल तेव्हा तिथे बसा. आपली ओळ वाचून झाल्यावर लगेच उठू नका. खालची ओळही वाचा.

(आकाशवाणीवरील भाषणाचा संपादित अंश)